खिशातील टीव्ही आणि त्याचा जमाखर्च

क्रिकेटच्या सामन्याच्या संध्याकाळी कापडबाजारातील दुकानांत एक गंमत हमखास अनुभवास येते. गल्ल्याशेजारी वहीला टेकवून मोबाइल उभा केलेला असतो. त्यावर सामना चालू असतो. गोलंदाज धावपट्टीच्या टोकाला नुकताच वळलेला असतो आणि तेवढ्यात समोरच्या दुकानातून ‘गेला, गेला!’ असा गलका उठतो. समोर केबलचा टीव्ही आहे. इकडे मोबाइलवर तोच फलंदाज अजून निवांतपणे हातमोजे नीट करीत असतो. वीस-पंचवीस सेकंदांनी तोही बाद होतो. परंतु तोवर गिऱ्हाइकासह सर्वांना निकाल कळलेला असतो. दुकानातला मुलगा म्हणतो, ‘शेठजी, आपलं नेट स्लो आहे.’

नेट बहुधा ठीकच असते. हा उशीर अ‍ॅप तयार करणाऱ्यांनी विचारपूर्वक ठेवलेला असतो. तो का ठेवला, याचे उत्तर शोधू लागले की मोबाइलवर थेट दूरचित्रवाणी दाखवण्याच्या व्यवसायाची बरीचशी अंतर्गत रचना समजते. व्यापारी घरांना ती समजणे उपयोगाचे आहे. संगणकाचे शिक्षण घेऊन पुण्याहून परतलेला मुलगा किंवा पुतण्या ‘आपण एक अ‍ॅप काढू’ असा प्रस्ताव मांडतो, संघाच्या बैठकीत ‘प्रवचनांसाठी आपले स्वतःचे अ‍ॅप हवे’ अशी सूचना येते, आणि मग भांडवल किती, आवर्ती खर्च किती, जोखीम कोणाची, हे प्रश्न घरातल्या वडीलधाऱ्यांपुढेच येऊन थांबतात.

ताग्याचे तुकडे

केबल किंवा छत्रीच्या टीव्हीवर चित्र अखंड प्रवाहासारखे येते. इंटरनेटवर ते तसे येत नाही. कापडाचा तागा एकसंध न पाठवता ठरावीक लांबीचे तुकडे कापून पाठवावेत, तसे चालू प्रक्षेपणाचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात. प्रत्येक तुकडा चार-पाच प्रतींचा तयार होतो: एक अगदी साधा, कमी डेटा घेणारा, एक मध्यम, एक सुस्पष्ट, एक मोठ्या पडद्यासाठी. त्यांच्यासोबत एक यादी जाते. कोणता तुकडा कुठे मिळेल, एवढेच तिच्यात लिहिलेले असते आणि ती दर काही सेकंदांनी नवी होते. मोबाइलमधील अ‍ॅप ती यादी वाचते, इंटरनेटचा वेग पाहते आणि झेपेल त्या प्रतीचा तुकडा मागवते. गाडी नगर सोडून घाटाकडे निघाली आणि सिग्नल क्षीण झाला, की चित्र धूसर होते पण थांबत नाही, याचे कारण हेच. पुढचा तुकडा अ‍ॅपने हलक्या प्रतीचा मागवलेला असतो.

अ‍ॅपल कंपनीने २००९ मध्ये पुढे आणलेली ‘एचएलएस’ ही पद्धत आज सर्वाधिक रूढ आहे. तिच्यात सहा सेकंदांचा तुकडा योग्य मानतात. अ‍ॅप सर्वसाधारणपणे असे तीन तुकडे पदरात पडल्याशिवाय चित्र सुरू करीत नाही. म्हणजे १८ सेकंद तिथेच गेले. कॅमेऱ्यापासून संगणकापर्यंतचा प्रवास, निरनिराळ्या प्रती तयार करण्याचा वेळ आणि वाटेतला वेळ मिळवला की पंचवीस-तीस सेकंदांचा हिशेब जुळतो. तुकडे लहान केले, साठा कमी ठेवला, तर उशीर घटतो. पण मग जरा वेग मंदावला की चित्र गोठते आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागते. हाताशी माल कमी ठेवून धंदा करणाऱ्याची पुरवठा एक दिवस चुकला की जी अवस्था होते, तीच येथे.

म्हणून अ‍ॅप रचणाऱ्याला पहिला निर्णय रंगसंगतीचा किंवा बटणांचा घ्यावा लागत नाही. आपल्या प्रेक्षकाला ताजेपणा हवा की अखंडता, हे त्याला आधी ठरवावे लागते. क्रिकेटमध्ये पाच सेकंदही जड जातात. प्रवचन अर्ध्या मिनिटाने उशिरा पोहोचले तर कोणाचेही काही बिघडत नाही. पण सूत्राचा अर्थ सांगता सांगता मध्येच आवाज तुटला तर सगळी बैठकच विस्कळीत होते. दोन्हींसाठी एकच रचना वापरणे हा आळस आहे आणि तो बाजारातील अनेक तयार अ‍ॅपमध्ये दिसतो.

दर माणशी खर्च

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मनोऱ्यावरून निघालेली लहर हजार घरांनी पकडली काय किंवा लाख घरांनी पकडली काय, प्रक्षेपणाचा खर्च तेवढाच असे. प्रेक्षक वाढले तर तो निव्वळ फायदा. उपग्रहाच्या काळातही हे गणित बदलले नाही. मोबाइलवरच्या प्रक्षेपणाने ते पार उलटे केले आहे. येथे प्रत्येक प्रेक्षकाला त्याचा तुकडा स्वतंत्रपणे पाठवावा लागतो. लाखावा प्रेक्षक पहिल्याइतकाच डेटा ओढतो आणि त्याचे बिल येते.

हा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. मोबाइलच्या पडद्यावर बऱ्यापैकी दिसेल अशा चित्राला सेकंदाला सुमारे १० लाख बिट लागतात असे धरू. तासाला ते ४५० एमबी होतात. दहा हजार प्रेक्षक एक तास पाहत राहिले तर ४,५०० जीबी. ही वाहतूक जागोजागी संगणकांची गोदामे ठेवणाऱ्या कंपन्या करतात. मुख्य पेढीवरून माल एकदा गोदामात येतो आणि तेथून गावोगावी वाटला जातो, त्यामुळे नगरच्या प्रेक्षकाचा प्रत्येक तुकडा दूरच्या मूळ संगणकावरून आणावा लागत नाही. या कंपन्या दर जीबीमागे आकार घेतात. मोठ्या गिऱ्हाइकाला तो बराच स्वस्त पडतो, लहानाला महाग. हिशेबापुरता २ रुपये दर धरला, तर दहा हजार प्रेक्षकांचा एक तास ९,००० रुपयांना पडतो. चातुर्मासात रोज एक तास, असे १२० दिवस केले, तर १० लाख ८० हजार रुपये. पाचशेच प्रेक्षक असतील तर हाच खर्च तासाला अवघा ४५० रुपये राहतो. अ‍ॅप तयार करून घेण्याचा खर्च एकदाच होतो आणि प्रस्तावात तो ठळक अक्षरांत लिहिलेला असतो. हा दुसरा खर्च लोकप्रियतेबरोबर वाढत जातो आणि प्रस्तावात तो बहुधा शेवटच्या पानावर असतो, किंवा नसतोच.

महाराष्ट्रात, विशेषतः मुंबईत, या धंद्याची मुळे रुजली तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांनाही हे गणित एकदम साधले नव्हते. झी समूहाने २०१२ मध्ये ‘डिट्टो टीव्ही’ आणले. घरचा टीव्हीच खिशात देण्याची ती कल्पना काळाच्या पुढे होती, पण तेव्हा डेटाच एवढा महाग होता की महिन्याच्या वर्गणीपेक्षा पाहण्याचा खर्च अधिक होई. २०१६ मध्ये वर्गणी महिना २० रुपयांवर आणून पाहिली गेली. पुढे २०१८ च्या फेब्रुवारीत ‘झी फाइव्ह’ आले आणि जुने नाव त्यात विरून गेले. स्टार इंडियाचे ‘हॉटस्टार’ फेब्रुवारी २०१५ मध्ये, विश्वचषक क्रिकेटच्या तोंडावर सुरू झाले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, डेटाचे भाव कोसळले आणि ‘जिओ टीव्ही’मुळे वाहिन्यांची सगळी रांग मोबाइलमध्ये आली. त्यात सात दिवस मागे जाऊन कार्यक्रम पाहण्याची सोय होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये हॉटस्टार आणि जिओ सिनेमा एकत्र होऊन ‘जिओ हॉटस्टार’ झाले. सरकारी बाजूने प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हे अ‍ॅप आणले. दूरदर्शनच्या वाहिन्या आता तेथेही दिसतात.

सगळे एकाच वेळी दारात

बँकेचा व्यवहार ज्यांना जवळून ठाऊक आहे, त्यांना माहीत असते की सर्व ठेवीदार एकाच सकाळी दारात उभे राहिले तर सुस्थितीतील बँकेलाही घाम फुटतो. आपल्या जिल्ह्याला सहकारी बँका आणि पतसंस्थांची मोठी परंपरा आहे. एखाद्या अफवेने दारापुढे लागलेल्या रांगा जुन्या लोकांच्या स्मरणात आहेत. थेट प्रक्षेपणाच्या अ‍ॅपवर असा प्रसंग अफवेशिवायच, दर मोठ्या सामन्याला येतो.

मँचेस्टर येथील विश्वचषकाचा उपांत्य सामना पावसामुळे ९ व १० जुलै २०१९ असा दोन दिवस चालला. न्यूझीलंडविरुद्ध महेंद्रसिंह धोनी खेळत होता तेव्हा हॉटस्टारवर एकाच वेळी २ कोटी ५३ लाख प्रेक्षक होते. तो त्या वेळचा जागतिक उच्चांक ठरला. या कंपनीच्या अभियंत्यांनी पुढे सार्वजनिक व्याख्यानांतून जे सांगितले, ते कोणत्याही व्यावसायिकाने कान देऊन ऐकावे असे आहे. ऐन भरात दर मिनिटाला सुमारे दहा लाख प्रेक्षक वाढत. नवा संगणक जोडून तो कामाला लागेपर्यंतही काही वेळ जातो. म्हणजे गर्दी दिसल्यावर माणसे बोलवू म्हणाल, तर ती येईपर्यंत दार मोडलेले असते. त्यामुळे ते गर्दीपूर्वीच अंदाजाने क्षमता वाढवून ठेवत. सामन्याच्या आधी स्वतःच्याच यंत्रणेवर कृत्रिम गर्दी सोडून ती कुठे मोडते हे पाहण्याची तालीमही होत असे.

मग धोनी धावबाद झाला. सामान्य माणसाला वाटेल की प्रेक्षक उठून गेले, आता यंत्रणेवरचा भार हलका झाला. झाले उलटेच. निराश झालेल्या लाखो माणसांनी मोबाइलवरचे मागे जाण्याचे बटण दाबले, आणि ते बटण दाबले की अ‍ॅपचे पहिले पान उघडते. त्या पानावर प्रत्येकासाठी त्याच्या आवडीचे कार्यक्रम निवडून मांडावे लागतात. ते काम वेगळ्या संगणकांचे आणि चित्र पाठवण्यापेक्षा निराळ्या प्रकारचे. व्हिडिओची बाजू ओस पडत असताना दुसऱ्याच बाजूवर धाड पडते. नाटक संपल्यावर चेंगराचेंगरी रंगमंचावर होत नाही, ती दरवाज्यात होते, तसेच हे. यासाठी त्यांनी पहिल्या पानाची क्षमता आधीच वाढवून ठेवलेली असे, आणि फारच ताण आला तर आवडीच्या शिफारशींसारख्या गौण गोष्टी तात्पुरत्या बंद करून सर्वांना एकच साधे पान दाखवण्याची तजवीजही केली होती. सामना, पैशांचा व्यवहार आणि जाहिरात, एवढे मात्र काही झाले तरी चालू राहिले पाहिजे. आगीच्या वेळी दुकानातून आधी काय बाहेर काढायचे, हे ठरवून ठेवणाऱ्या कुटुंबासारखी ही शिस्त आहे.

१९ नोव्हेंबर २०२३ च्या अहमदाबाद येथील विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला हाच आकडा ५ कोटी ९० लाखांवर गेला. वर मांडलेल्या हिशेबाने एवढ्या प्रेक्षकांचा एक तास म्हणजे सुमारे २ कोटी ६५ लाख जीबी.

हे सर्वांनाच साधते असे नाही. २० नोव्हेंबर २०२२ रोजी कतारमधील फुटबॉल विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्याला जिओ सिनेमावर चित्र अडकत असल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला होता. त्याच अ‍ॅपने पुढच्या मे महिन्यात आयपीएलच्या अंतिम सामन्याला ३ कोटी २० लाख प्रेक्षक एकाच वेळी सांभाळले, हेही नोंदवले पाहिजे. अमेरिकेची नेटफ्लिक्स कंपनी चित्रपट दाखवण्यात जगात अग्रेसर; पण १५ नोव्हेंबर २०२४ रोजी टेक्सासमधील माइक टायसन आणि जेक पॉल यांच्या मुष्टियुद्धाच्या थेट प्रक्षेपणात, कंपनीच्या सांगण्यानुसार एकाच वेळी साडेसहा कोटी प्रवाह चालू असताना, असंख्य प्रेक्षकांचे चित्र गोठले. चित्रपट आधीच ठिकठिकाणच्या गोदामांत नेऊन ठेवता येतो. थेट प्रक्षेपणाचा माल त्याच क्षणी तयार होतो आणि काही सेकंदांत शिळा होतो. दुधाचा आणि धान्याचा व्यापार एकाच पद्धतीने होत नाही, हे आडतेबाजारात कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही.

माल कोणाचा

जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्र सायबर पोलिसांनी ‘थॉप टीव्ही’ नावाच्या अ‍ॅपच्या तरुण निर्मात्याला हैदराबादेतून अटक केली. सशुल्क वाहिन्यांचे प्रक्षेपण परवानगीशिवाय दाखवल्याचा आरोप त्याच्यावर होता. मुलांच्या मोबाइलमध्ये त्या काळात हे अ‍ॅप असलेली कितीतरी चांगली घरे होती, आणि ‘फुकट दिसते’ यापलीकडे कोणी विचार केला नव्हता. या प्रकरणातून एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली: असे अ‍ॅप उभे करणे हे आता फार मोठ्या मंडळींचेच काम राहिलेले नाही. अवघड आणि महाग आहे ते दाखवण्याचा हक्क मिळवणे.

जून २०२२ च्या लिलावात आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांसाठी भारतातील टीव्हीचे हक्क २३,५७५ कोटी रुपयांना आणि डिजिटल प्रक्षेपणाचा मुख्य गट २०,५०० कोटी रुपयांना गेला. अ‍ॅपवरचा खर्च या रकमेपुढे किरकोळ ठरतो. प्रतिलिपी-अधिकाराच्या १९५७ च्या कायद्यातील कलम ३७ प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेला तिच्या प्रक्षेपणावर २५ वर्षांचा हक्क देते. तेव्हा ‘आपल्या अ‍ॅपवर चार मराठी वाहिन्याही दाखवू, लोक येतील’ असे कोणी सुचवले, तर लेखी परवाने कुठे आहेत, हाच पहिला प्रश्न असावा. तारण न पाहता कर्ज मंजूर करणे आणि हक्क न पाहता भांडवल घालणे, दोन्ही एकाच जातीच्या चुका.

आपल्या जिल्ह्यातला पडदा

थेट प्रक्षेपणाची खरी निकड आपल्या जिल्ह्याला क्रिकेटने दाखवली नाही. १७ मार्च २०२० रोजी शिर्डीचे मंदिर दर्शनासाठी बंद झाले ते पाडव्याला, १६ नोव्हेंबरला उघडले. एप्रिल २०२१ मध्ये ते पुन्हा बंद झाले आणि ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी उघडले. या काळात श्री साईबाबा संस्थानचे ऑनलाइन दर्शन हाच लाखोंचा आधार होता. दुपारी बाराच्या माध्यान्ह आरतीला मोबाइल देव्हाऱ्याजवळ ठेवून हात जोडणारी घरे नगरमध्येही होती. चातुर्मासातील प्रवचनेही अनेक ठिकाणी याच मार्गाने घरोघरी पोहोचली. जेथे संतांच्या परंपरेत ध्वनिवर्धक किंवा विद्युत साधने स्वीकारली जात नाहीत, तेथे अर्थातच हा प्रश्न उद्भवत नाही, आणि त्या मर्यादेचा मान राखणे हेही श्रावकांचेच काम आहे.

अशा प्रक्षेपणाचा प्रेक्षक निराळा असतो. पंचाहत्तर वर्षांच्या दादीजींच्या हातात मुलाने बदललेला जुना मोबाइल असतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असते आणि बोटाचा स्पर्श कधी लागतो, कधी लागत नाही. टीव्हीच्या रिमोटवर त्यांची वाहिनी एका आकड्याने लागत असे. अ‍ॅपमध्ये मात्र आधी मोबाइल क्रमांक विचारला जातो, मग ओटीपी येतो, तो वाचेपर्यंत पान पुसले जाते, मग इंग्रजीत काही अटी, मग जाहिरात. तोवर मंगलाचरण संपलेले असते. जेथे वर्गणी घ्यायची नाही, तेथे ओळख विचारण्याचे कारणच काय? अ‍ॅप उघडताच चालू प्रक्षेपण सुरू व्हावे, अक्षर मराठीत आणि मोठे असावे, बटणे दोन-तीनच असावीत. हे लिहायला सोपे आहे; परंतु प्रत्यक्षात अ‍ॅप तयार करणारा तरुण ते आपल्या नव्या, महागड्या मोबाइलवर तपासतो, आणि तेथे सगळेच छान दिसते. ते दादीजींच्या हातात देऊन, स्वतः न बोलता, पाच मिनिटे शेजारी बसावे. एवढ्याने पुष्कळ खर्च वाचतो.

सामायिकाच्या वेळी मोबाइलला हात लावला जात नाही. प्रवचनाची वेळ आणि घरातल्या सामायिकाची वेळ एकच आली, तर नंतर मागे जाऊन ऐकण्याची सोय हवी. ध्वनिमुद्रित तासाचा साठा स्वस्त असतो आणि तो सावकाश, निरनिराळ्या वेळी ऐकला जात असल्याने गर्दीही होत नाही.

खोट्या अ‍ॅपचा प्रश्न तर आपल्या दारातच येऊन गेला आहे. २०२५ मध्ये शनिशिंगणापूर देवस्थानच्या नावाने बनावट अ‍ॅप चालवून ऑनलाइन पूजेसाठी भाविकांकडून पैसे घेतल्याचे प्रकरण विधानसभेपर्यंत पोहोचले आणि सायबर पोलिसांकडे गुन्हा दाखल झाला. श्रद्धेच्या ठिकाणी माणूस पावती मागत नाही, हे लबाडाला पक्के ठाऊक असते. म्हणून ज्या संस्थेला अ‍ॅप काढायचे आहे, तिने दान स्वीकारण्याची सोय पहिल्याच दिवशी त्यात घालण्याची घाई करू नये. अ‍ॅपचा अधिकृत पत्ता संस्थेच्या फलकावर, पावतीपुस्तकावर आणि पत्रिकेवर छापावा. आणि अ‍ॅप कोणाच्या नावावर नोंदवले आहे, संस्थेच्या की ते तयार करून देणाऱ्या तरुणाच्या, हे विश्वस्तांनी कागदावर पाहावे. तो तरुण परदेशी गेला आणि किल्ली त्याच्याकडेच राहिली, असे होते.

मग यूट्यूब काय वाईट, असे कोणीही विचारील, आणि प्रश्न रास्त आहे. तेथे वाहतुकीचा खर्च संस्थेवर पडत नाही, गर्दीची चिंता नाही, घरात प्रत्येकाला ते वापरता येते. परंतु तेथे जाहिरातींवर आपला ताबा राहत नाही. प्रवचन सुरू होण्यापूर्वी अंड्याच्या किंवा मांसाहारी पदार्थाची जाहिरात झळकते, आणि दादीजी मोबाइल उलटा ठेवून देतात. चॅनेलने स्वतः जाहिराती घेतल्या नाहीत तरी त्या दाखवण्याचा हक्क यूट्यूबने स्वतःकडे ठेवलेला आहे. फुकट मिळणाऱ्या जागेचे भाडे असे वसूल होते.

व्यापाऱ्याच्या बाजूने पाहता याच जाहिरातीचे दुसरे अंग आहे. जुन्या टीव्हीवर जाहिरात दिली की ती सगळ्या राज्याला दिसे आणि तेवढे पैसेही मोजावे लागत. थेट प्रक्षेपणाच्या अ‍ॅपमध्ये षटक संपताच जो मोकळा वेळ येतो, तेथे प्रवाहात एक खूण घातलेली असते आणि त्या खुणेवर प्रत्येक प्रेक्षकाला निरनिराळी जाहिरात जोडता येते. नागपूरच्या माणसाला एक, नगरच्या माणसाला दुसरी. सराफबाजारातील पेढीला आपल्याच शहरापुरती जागा विकत घेता येणे ही नवी गोष्ट आहे. मात्र ‘इतक्या वेळा दाखवली’ आणि ‘इतक्यांनी पूर्ण पाहिली’ हे दोन आकडे वेगळे असतात. बिल पहिल्यावर येते. हिशेब दुसऱ्यावर मागावा.

राहता राहिला संघाच्या स्वतःच्या अ‍ॅपचा प्रश्न. बहुतेक बैठकींत तो सगळे किंवा काहीच नाही, अशा स्वरूपात मांडला जातो: एक तर मोठ्या वाहिनीसारखे सुस्पष्ट चित्र, नाही तर यूट्यूब. आकडे मात्र मधली वाट दाखवतात. प्रवचन हे मुळात ऐकण्याचे आहे. नुसता स्वच्छ आवाज पाठवायला सेकंदाला ६४ हजार बिट पुरतात. म्हणजे तासाला सुमारे २९ एमबी. चित्राच्या ४५० एमबीच्या तो सुमारे सोळावा हिस्सा आहे. त्याच २ रुपयांच्या दराने दहा हजार श्रोत्यांचा एक तास ९,००० ऐवजी ५७६ रुपयांत होतो आणि १२० दिवसांचा चातुर्मास ७० हजारांच्या आत बसतो. जाहिरात नाही, ओटीपी नाही, आणि ग्रामीण भागातील क्षीण सिग्नललाही ते झेपते. दर्शनाच्या वेळी, मांगलिकाच्या वेळी, महावीर जयंतीच्या किंवा पारण्याच्या दिवशी तेवढे चित्र चालू करावे; एरवी पडद्यावर दिवसाचा विषय आणि एक मोठे बटण असावे. दुकानात गादीवर बसलेल्या माणसाला तेच अधिक सोयीचे. मोबाइल पालथा ठेवला, तरी कान प्रवचनाकडे राहतो आणि हात मापाच्या पट्टीवर.

काही गावांतील तरुणांनी अशा नुसत्या आवाजाच्या प्रक्षेपणाला ‘यात नवे काय, हा तर रेडिओ झाला’ म्हणून नाके मुरडली. रेडिओच आहे तो. फक्त त्याचे बिल ऐकणाऱ्यांच्या संख्येवर येते, आणि ते बिल कोण भरणार, याचा ठराव संघाने अ‍ॅपची ऑर्डर देण्यापूर्वी करून ठेवावा.